स्लंगशॉट, स्लिंगशॉट आणि मधला एक स्वर

न्यू यॉर्क राज्याच्या दंडविधानात २६५.०१ क्रमांकाचं कलम आहे. नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा ठरतो, अशा हत्यारांची यादी त्यात दिलेली आहे. ती वाचताना एखाद्या जुन्या पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीतून फिरल्यासारखं वाटतं. खटक्याचा चाकू, गुप्ती, दंडुका, शिसं भरलेला चामडी सोटा, वाळू भरलेली थैली, आपल्याकडच्या गुन्हेवार्तांत जिला 'फायटर' म्हणतात ती बोटांत घालायची धातूची कडी, आणि 'कुंग फू'ची चांदणी. या गर्दीत दोन वस्तू एकमेकींना खेटून उभ्या आहेत : 'मनगटाला टेकू असलेला स्लिंगशॉट' आणि 'स्लंगशॉट'. मध्ये फक्त एक 'किंवा'.

घाईत वाचणाऱ्याला वाटेल, एकाच शब्दाची ही दोन रूपं असावीत. कायदे लिहिणाऱ्यांना पुनरुक्तीची सवय असतेच. पण या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली म्हणजे गलोल. दुसरी काय आहे, हे आज अमेरिकेतल्याही फार थोड्यांना सांगता येईल. तिच्यावरचे कायदे मात्र पावणेदोनशे वर्षांचे आहेत, आणि त्यांतल्या काहींची शिक्षा आता गलोलीच्या वाट्याला आली आहे.

स्लंगशॉट जन्मला समुद्रावर. जहाज धक्क्याला लागताना त्याचा जाडजूड दोरखंड हातानं किनाऱ्यावर फेकता येत नाही. म्हणून आधी एक बारीक दोरी फेकतात आणि तिला बांधून मागून दोरखंड ओढून घेतात. बारीक दोरी वाऱ्यावर भरकटू नये म्हणून तिच्या टोकाला वजन लागतं, त्यासाठी खलाशी एक गोल, घट्ट गाठ विणतात. इंग्रजीत तिला 'माकडाची मूठ' म्हणतात. या गाठीच्या पोटात शिशाचा गोळा घातला आणि दोरी हातभर ठेवली, की काम बदललं. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळायचं, गोळा गरकन फिरवायचा आणि डोक्यात हाणायचा. आवाज नाही, धूर नाही, आणि वस्तू बाहीत मावते. बंदरातल्या दारूच्या गुत्त्यांमधून ती शहराच्या गल्ल्यांत आली, तिथून गुंडांच्या टोळ्यांकडे गेली.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच : स्लंगशॉट हातातून सुटत नाही. नावात 'शॉट' असला तरी तो नेम धरून मारायचा नसतो. गोफणीतून दगड सुटतो, गलोलीतून खडा सुटतो. स्लंगशॉटचा गोळा मारणाऱ्याच्या मुठीलाच बांधलेला असतो.

न्यू यॉर्कनं १८४९ साली त्याच्यावर बंदी घातली, मॅसॅच्युसेट्सनं १८५० साली, आणि शतक संपेपर्यंत बहुतेक राज्यांच्या कायद्यांत हा शब्द आला. ज्या देशात पिस्तूल बाळगणं हा नागरिकाचा मान समजला जात होता, तिथे या दोरीला बांधलेल्या गोळ्याविरुद्ध इतक्या तातडीनं कायदे व्हावेत, याचं मला आधी नवल वाटलं होतं. पण त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पिस्तूल समोरून दिसतं. स्लंगशॉट अंधारात, मागून येतो. तो लुटारूचं हत्यार होता आणि त्याला दुसरा कुठलाही सभ्य उपयोग नव्हता.

या हत्याराची सगळ्यांत प्रसिद्ध हकिकत अब्राहम लिंकनशी जोडलेली आहे. २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री इलिनॉयमधल्या मेसन काउंटीत, एका धार्मिक मेळाव्याच्या आसपास दारू पिऊन मारामारी झाली आणि जेम्स मेट्झकर नावाचा माणूस डोक्याला मार लागून काही दिवसांत मेला. आरोप दोघांवर आला. जेम्स नॉरिसनं लाकडानं मारलं आणि विल्यम ऊर्फ डफ आर्मस्ट्राँगनं स्लंगशॉटनं, असं फिर्यादीचं म्हणणं. नॉरिसचा खटला आधी चालला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. डफची आई हॅना ही लिंकनची जुनी ओळखीची. लिंकन न्यू सेलमला उमेदवारी करत होता तेव्हा तिच्या घरी जेवलेला, तिनं त्याचे कपडे शिवून दिलेले. डफचा बाप जॅक नुकताच वारला होता. लिंकननं एक पैसाही न घेता वकीलपत्र घेतलं.

७ मे १८५८ ला बीअर्ड्सटाउनच्या न्यायालयात जे घडलं त्यातला एक भाग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. चार्ल्स ॲलन या साक्षीदारानं सांगितलं, की रात्री अकराच्या सुमाराला लख्ख चांदण्यात, दीडशे फुटांवरून आपण डफला वार करताना पाहिलं. चंद्र डोक्यावर होता. लिंकननं त्याच्याकडून हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग पंचांग काढलं. त्या रात्री त्या वेळी चंद्र क्षितिजाकडे कलला होता, मावळायला फार वेळ उरला नव्हता. पुढे बरीच वर्षं कुजबुज होती, की लिंकननं दुसऱ्याच सालचं पंचांग दाखवलं; खगोलाचं गणित करणाऱ्यांनी ती खोटी ठरवली आहे.

पंचांगाच्या चमत्कारात खटल्याचा दुसरा भाग झाकला जातो. घटनास्थळी एक स्लंगशॉट सापडला होता. नेल्सन वॉटकिन्स नावाच्या माणसानं साक्षीत सांगितलं, की तो आपला आहे, डफचा नव्हे. तो त्यानं कसा बनवला याचं वर्णन खटल्याच्या आठवणींत येतं : धातू वितळवून अंड्याच्या कवचात ओतायचा, आणि घट्ट झालेल्या गोळ्याभोवती चामडं शिवायचं. म्हणजे हत्यार घरच्या चुलीवर तयार होत होतं. बारा पंचांना ते काय आहे हे समजावून सांगायची गरज कुणाला पडली नाही. डफ निर्दोष सुटला.

आता १९३९ मध्ये या. जॉन फोर्डचा 'यंग मिस्टर लिंकन' हा चित्रपट याच खटल्यावरून बेतलेला आहे. त्यात पंचांग आहे, चंद्र आहे, विधवा आई आहे. स्लंगशॉट नाही, तिथे सुरा आहे. पटकथाकाराच्या मनात काय होतं ते सांगता येणार नाही, पण प्रेक्षकांच्या दृष्टीनं पाहिलं तर बदल योग्यच वाटतो. ऐंशी वर्षांत वस्तू लोकांच्या नजरेसमोरून गेली होती. कायद्याच्या पुस्तकात शब्द राहिला, आणि त्याच्या मागे दाखवायला वस्तू उरली नाही.

दरम्यान दुसरी वस्तू आली होती. वाय आकाराची फांदी, दोन रबरी पट्ट्या आणि मधे चामड्याचा तुकडा, हे आपल्याला इतकं सनातन वाटतं की ते आधुनिक आहे हे विसरायला होतं. चार्ल्स गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली १८३९ साली आणि तिचं पेटंट घेतलं १८४४ साली. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. त्याची गलोल होणं अवघडच. न्यू यॉर्कच्या विधिमंडळानं १८४९ मध्ये स्लंगशॉटवर बंदी घातली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पोरांची गलोल असण्याचं कारण नव्हतं. ती पोरांच्या हातात मोठ्या प्रमाणावर पोचली ती नंतर, टाकाऊ रबर स्वस्त झालं तेव्हा.

एकट्या इंग्रजीत तिला देशोदेशी वेगळी नावं पडली. इंग्लंडात 'कॅटपल्ट', ऑस्ट्रेलियात 'शांघाय', दक्षिण आफ्रिकेत 'केटी'. अमेरिकेनं 'स्लिंगशॉट' म्हटलं, आणि घोळाला तिथेच सुरुवात झाली, कारण शेजारी आधीच एक 'स्लंगशॉट' होता. दोन्ही शब्द 'स्लिंग' या एकाच क्रियापदाचे. एकात त्याचं मूळ रूप, दुसऱ्यात भूतकाळाचं. कानाला फरक एका स्वराचा. मराठीत 'गोळा' आणि 'गोळी' यांच्यात असतो तेवढाच.

आपल्याकडेही या घराण्यातले शब्द स्थिर राहिलेले नाहीत. 'गुलेल' म्हणजे मुळात फांदी नव्हतीच. ते मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य होतं, आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तो शब्द याच अर्थानं नोंदलेला आहे. धनुष्य गेलं, नाव रबराच्या गलोलीला मिळालं. 'बेचकी' हा शब्द फांदीच्या आकारावरून आला. 'गोफण' तर वेगळीच, दोरीची, जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं उडवायची. शब्द एका वस्तूवरून उठून शेजारच्या वस्तूवर जाऊन बसतात, त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते शब्दाबरोबर शिक्षाही सरकते तेव्हा.

अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांच्या हातात आहे. गलोलीबद्दल देशभर लागू होणारा नियम नाही, त्यामुळे प्रत्येक राज्यानं हा स्वर आपापल्या परीनं लावला. न्यू जर्सीच्या कायद्यात आज जी यादी आहे तिचा क्रम पाहण्यासारखा आहे : खंजीर, दंडुका, शिशाचा सोटा, धातूची फायटर, वाळूचा सोटा, स्लिंगशॉट, आणि त्यानंतर 'सेस्टस', म्हणजे रोमन मुष्टियोद्धे हाताला बांधायचे तसले, धातूचे कण बसवलेले चामडी पट्टे. सगळी हत्यारं हातात धरून जवळून मारायची. त्यांत एकच दूरवर खडा फेकणारी, आणि नेमकी त्याच जागी, जिथे इतर राज्यांच्या याद्यांत 'स्लंगशॉट' बसलेला असतो. मला यात शब्दाची अदलाबदल स्पष्ट दिसते. पण छापलं आहे 'स्लिंगशॉट', आणि 'समजावून सांगता येईल असा कायदेशीर हेतू' नसताना तो जवळ बाळगणं हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे. कमाल शिक्षा अठरा महिन्यांची कैद.

ऱ्होड आयलंडच्या यादीतही सोटा आणि दंडुका यांच्या मधे 'स्लिंगशॉट' आहे. तिथे आणखी एक गाठ आहे. कलम म्हणतं, की कुणीही अशी वस्तू वागवू नये, बाळगू नये किंवा दुसऱ्याविरुद्ध वापरायचा प्रयत्न करू नये. इंग्रजी वाक्यात 'दुसऱ्याविरुद्ध' हे शब्द तिन्ही क्रियापदांनंतर येतात. ते फक्त वापरण्याला लागू, की बाळगण्यालाही? मराठीत आणताना ते शब्द कुठेतरी बसवावेच लागतात. पहिल्या क्रियापदाच्या आधी बसवले तर गलोल खिशात ठेवणारा मुलगा सुटतो, तिसऱ्याच्या आधी बसवले तर अडकतो. मी वर तिसऱ्याच्या आधी बसवले आहेत. मूळ वाक्यानं हा निर्णय घेतलेला नाही.

मॅसॅच्युसेट्सनं दोन्ही शब्द ठेवले. तिथल्या एका कलमात 'स्लंगशॉट' आणि 'स्लिंगशॉट' पाठोपाठ येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ 'बीन ब्लोअर', म्हणजे तोंडानं वाटाणे उडवायची फुंकनळी! गुंडाच्या हत्याराशेजारी शाळेतल्या मागच्या बाकावरचं हत्यार. हे कलम बनवण्या-विकण्याविरुद्ध आहे. दंड पन्नास ते हजार डॉलर किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अपवादही दिला आहे : ज्या क्रीडासंस्था गलोलीच्या स्पर्धा भरवतात त्यांना गलोली विकता येतील. पण अंगावर वागवायला मनाई असलेल्या हत्यारांची यादी वेगळ्या कलमात आहे, आणि तिच्यात स्लंगशॉट आहे, स्लिंगशॉट नाही. म्हणजे दुकानदारानं गलोल विकली तर गुन्हेगार तो. विकत घेणारा ती हातात घेऊन रस्त्यानं चालू लागला तर या यादीपुरता त्याच्यावर आरोप नाही.

न्यू यॉर्कचा तो 'मनगटाला टेकू' विसाव्या शतकातला. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात दोन मित्रांनी ॲश लाकडाच्या गलोली विकायला सुरुवात केली. पाळलेल्या ससाण्यांना मांसाचे तुकडे हवेत उडवून भरवायला त्या वापरत. खडा निशाणावर आदळतो त्या आवाजावरून कंपनीचं नाव पडलं 'व्हॅम-ओ'. हूला हूप आणि फ्रिस्बी घरोघरी पोचवले ते हिनंच. मग १९५० च्या दशकात नेब्रास्कातून 'रिस्ट-रॉकेट' आली : धातूची चौकट, शस्त्रक्रियेत वापरतात तसली रबरी नळी, आणि कोपराकडे जाणारा एक टेकू, ज्यामुळे मनगट न वळता रबर कितीतरी जास्त ताणता येतं. पोलादी छरा घालून मारली तर ही गलोल खेळणं राहत नाही. न्यू यॉर्कनं निदान वस्तू नीट पाहून शब्द लिहिला, हे मान्य करायला हवं. साधी फांदीची गलोल त्या कलमात येत नाही, टेकूची येते.

गलोल निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या अझूसा गावात २०२४ मध्ये पोलिसांनी एक्याऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्याला पकडलं. जवळजवळ दहा वर्षं तो गलोलीनं पोलादी छरे मारून शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि मोटारींच्या काचा फोडत होता, असा त्याच्यावर आरोप होता. आरोपपत्रात गुन्हा होता मालमत्तेच्या मोडतोडीचा. गलोल बाळगणं हा तिथे गुन्हाच नव्हे, कारण कॅलिफोर्नियाच्या यादीत शब्द आहे 'स्लंगशॉट'. ज्यानं दशकभर गलोल चालवली त्याच्यावर गलोलीचा आरोप नाही, आणि न्यू जर्सीत कप्प्यात ठेवलेल्या गलोलीवर तो होऊ शकतो.

कॅलिफोर्नियात त्या जुन्या शब्दाचा वापर आजही होतो. २००१ मधल्या 'फॅनिन' खटल्यात आरोपीजवळ टोकाला कुलूप असलेली सायकलची साखळी सापडली होती. अपील न्यायालय म्हणालं, की हत्यार म्हणून बाळगलेली असेल तर तीही स्लंगशॉटच. अंड्याच्या कवचात ओतलेल्या गोळ्याचा वंश अशा रीतीनं सायकलच्या कुलपापर्यंत येऊन पोचला. हे ताणलेलं वाटेल, पण वस्तूच्या कामावरून विचार केला तर ते अदलाबदलीपेक्षा सरळ आहे : लवचीक दांडी, टोकाला वजन, आणि मारायचा हेतू.

न्यायाधीशांकडे अशा वेळी एक जुना नियम असतो : शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून करावी. अनुवादकाचंही दिवसभर तेच काम असतं. या नियमानं पाहिलं तर न्यू जर्सीचा 'स्लिंगशॉट' हा वेशांतर केलेला स्लंगशॉट ठरतो आणि गलोल सुटते. पण दुसरा नियम म्हणतो, की छापलेल्या शब्दाचा रूढ अर्थ घ्या. १९३१ च्या 'मॅकबॉइल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की चोरीची मोटार राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा १९१९ चा कायदा विमानाला लागतो का. आरोपीनं इलिनॉयमधून ओक्लाहोमाला चोरीचं विमान नेलं होतं. न्यायमूर्ती होम्स यांनी शिक्षा रद्द केली. 'वाहन' म्हटल्यावर सामान्य माणसाच्या मनात जमिनीवरून चालणाऱ्या वस्तूचं चित्र उभं राहतं, आणि गुन्ह्याची रेघ कुठे आहे हे त्याला त्याच्या भाषेत आधी कळायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हीच कसोटी इथे लावली तर उत्तर उलटं येतं. आजच्या सामान्य माणसाच्या मनात 'स्लिंगशॉट' म्हटल्यावर गलोलच उभी राहते. त्याला इशारा मिळाला. चुकीच्या वस्तूचा मिळाला, पण मिळाला. जिथे 'स्लंगशॉट' लिहिलं आहे तिथे, इलिनॉयमध्ये किंवा वॉशिंग्टन राज्यात, त्याच्या मनात काहीच उभं राहत नाही, आणि ती छपाईची चूक समजून तो आपली गलोल लपवतो.

फिलाडेल्फियाहून निघालेल्या मुलाच्या पिशवीत टेकूची गलोल आहे, असं धरू. पेनसिल्व्हेनियाच्या यादीत ती नाही. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की त्याला हेतू समजावून सांगता आला पाहिजे. हडसन ओलांडली की हेतूचा प्रश्न नाही, टेकूचा आहे. ही सगळी वाट दोन तासांची. पुष्कळ विक्रेते यातल्या काही राज्यांत माल पाठवतच नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानं यादीपेक्षा व्याख्येवर भर दिला. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू ती शस्त्र. निव्वळ घरगुती वा शेतीच्या कामाची वस्तू, जसं की लाठी किंवा हातातली काठी, आणि ज्याचा खेळण्याखेरीज उपयोग होऊ शकत नाही असं हत्यार, हे त्यातून वगळलं. त्यातही वाद उरतात, हेतूचे आणि पुराव्याचे. स्वराचे निदान नाहीत.

ही कलमं मराठीत आणायची झाली तर 'स्लंगशॉट'साठी 'गोफणगुंडा' हा शब्द ओठांवर येतो. तो दिसायला देखणा आहे आणि सपशेल चुकीचा, कारण गुंडा गोफणीतून सुटून जातो. मी मॅसॅच्युसेट्ससाठी आणि न्यू यॉर्कसाठी 'स्लंगशॉट' तसाच ठेवीन आणि पुढे 'दोरीला बांधलेला शिशाचा गोळा' असं जोडीन. न्यू जर्सीच्या कलमात मात्र, यादीतले बाकीचे सगळे सोबती दुसरंच काही सांगत असताना, मला 'गलोल' असंच लिहावं लागेल.